एव्हरेस्टच्या वाटेवरून नेय्यूरला : जठरव्रणाशी झुंजलेले डॉ. हॉवर्ड सॉमरव्हेल

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर पांढुर्णा आणि सौसर हे दोन मराठी भाषक तालुके आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. संत्र्यांच्या बागा, कपाशीची शेते, जाम नदीच्या पात्रातील गोटमार आणि जामसावळीचा मारुती यांमुळे हा परिसर ओळखला जातो. तेथील ताटात ज्वारीची भाकरी, गव्हाची पोळी आणि तुरीचे वरण असते. आपल्या गोव्यातील ताटात उकड्या तांदळाचा भात, सकाळची पेज आणि हुमण असते. भाषा एक, ताटे मात्र निराळी. तरीही एक तक्रार दोन्हीकडच्या घरांत सारखीच ऐकू येते. बेंबीच्या वर पोटात आग पडते, चार घास खाल्ले की बरे वाटते आणि दोन-तीन तासांनी, अनेकदा मध्यरात्री, दुखणे पुन्हा जागे होते. औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणली जाते, दुखणे शमते आणि काही आठवड्यांनी परत येते.

या दुखण्याला आपल्या वैद्यकाने फार पूर्वीच ओळखले होते. माधवनिदानात अन्न पचत असताना उठणाऱ्या शूळाला परिणामशूल हे नाव दिलेले आढळते. आधुनिक वैद्यकात जठराच्या किंवा त्याला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे ड्युओडेनमच्या, आतील अस्तराला पडलेल्या जखमेला व्रण अथवा अल्सर म्हणतात. जखम भरणे आणि ती पुन्हा न होणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. परंतु ज्या काळात या दुखण्यावर शस्त्राखेरीज खात्रीचा उपाय नव्हता, त्या काळात भारताच्या दक्षिण टोकाशी बसून एका शल्यवैद्याने हा प्रश्न आयुष्यभर हाताळला. जग त्यांना एव्हरेस्टवीर म्हणून ओळखते. जुन्या त्रावणकोरातील गोरगरिबांनी मात्र त्यांना पोटाचे डॉक्टर म्हणूनच ओळखले. त्यांचे नाव थिओडोर हॉवर्ड सॉमरव्हेल.

सुखवस्तू घर आणि युद्धाचा तंबू

सॉमरव्हेल यांचा जन्म १६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील केंडल या गावी झाला. घराण्याचा पादत्राणांचा मोठा उद्योग होता आणि त्यांची बनावट देशभर नावाजलेली होती. मुलाने हा व्यवसाय पुढे चालवावा अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु त्यांचा ओढा विज्ञानाकडे, संगीताकडे, चित्रकलेकडे आणि घराभोवतीच्या डोंगरांकडे होता. रग्बी येथील शाळेत शिक्षण घेऊन ते केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज महाविद्यालयात गेले आणि निसर्गविज्ञानात प्रथम श्रेणी मिळवून बाहेर पडले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले.

तोवर पहिले महायुद्ध पेटले होते. सैन्याच्या वैद्यकीय दलात कॅप्टन म्हणून त्यांना फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. १९१६ च्या जुलैमध्ये सोमच्या लढाईला तोंड फुटले तेव्हा ते आघाडीमागच्या एका शुश्रूषा केंद्रात शल्यवैद्य होते. तंबूत मोजकी टेबले आणि बाहेर उघड्या मैदानात स्ट्रेचरवर पडलेले शेकडो जखमी, अशी स्थिती होती. शस्त्रक्रियांच्या मधल्या क्षणांत ते या जखमींमधून फिरत. आपला नंबर आधी लावावा असे त्यांतील एकानेही म्हटले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. युद्धाविषयीचा तिटकारा त्यांच्या मनात तेव्हापासून रुजला. कोणाला आधी घ्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हा निर्णय वैद्याला किती जड जातो याचाही अनुभव त्यांना तेथेच आला. हा अनुभव पुढे नेय्यूरच्या ओसरीवर त्यांना पुन्हा पुन्हा घ्यावा लागणार होता.

सात शेर्पांचा मृत्यू

युद्धानंतर सॉमरव्हेल यांनी शल्यशास्त्राची उच्च पदवी मिळवली. लंडनमध्ये त्यांच्यापुढे उज्ज्वल भवितव्य उभे होते. १९२२ साली एव्हरेस्ट सर करण्याचा पहिला प्रयत्न झाला आणि त्या तुकडीत त्यांची निवड झाली. २१ मे १९२२ रोजी जॉर्ज मॅलरी, एडवर्ड नॉर्टन आणि सॉमरव्हेल हे कृत्रिम प्राणवायू न वापरता सुमारे ८,२२५ मीटर उंचीवर पोहोचले. त्याआधी इतक्या उंचीवर कोणीही गेलेले नव्हते.

परंतु त्या मोहिमेने त्यांना दिले ते कीर्तीपेक्षा अधिक काळ टिकणारे एक शल्य. ७ जून रोजी नवा बर्फ पडलेल्या उतारावरून पुन्हा वर जात असताना हिमप्रपात कोसळला आणि सात शेर्पा भारवाहक त्यात मृत्युमुखी पडले. एकाही इंग्रज गिर्यारोहकाला इजा झाली नाही. महत्त्वाकांक्षा आपली आणि मरण मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला, याची बोच सॉमरव्हेल यांना असह्य झाली. आपल्यापैकीही एखादा त्या बर्फाखाली गेला असता तर निदान दुःखाची वाटणी न्याय्य झाली असती, असा विचार त्यांच्या मनात आल्याचे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले.

मोहीम आटोपल्यावर ते लगेच मायदेशी परतले नाहीत. खिशात सुमारे ६० पौंड होते. तेवढ्यावर हिंदुस्थान पाहावा म्हणून ते निघाले आणि हिमालयापासून कन्याकुमारीच्या दिशेने प्रवास करीत त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर या गावी आले. येथे लंडन मिशनरी सोसायटीचे रुग्णालय होते. त्या संस्थेचे वैद्यकीय काम या भागात १८३८ पासून सुरू होते. सॉमरव्हेल तेथे पोहोचले तेव्हा दारात रुग्णांची रांग लागलेली होती आणि शस्त्रक्रिया करणारे डॉ. पू हे एकटेच होते. पाहुणा म्हणून आलेला हा शल्यवैद्य काही दिवस शस्त्रक्रियागृहात उभा राहिला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरून गेली. लंडनला एका रुग्णालयातली एखादी जागा रिकामी राहिली तर ती भरायला दहा जण तयार होते. नेय्यूरची जागा मात्र आपण न भरल्यास रिकामीच राहील, हा हिशेब त्यांनी मांडला. इंग्लंडला जाऊन त्यांनी रीतसर अर्ज केला आणि १९२३ साली ते नेय्यूरला रुजू झाले.

छाती दाबून परतलेला श्वास

१९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी ते नेय्यूरहूनच गेले. मे महिन्यात चार भारवाहक नॉर्थ कोल या खिंडीवरच्या तळावर अडकून पडले तेव्हा मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल त्यांना आणायला चढले. सर्वांत धोक्याच्या, हिमप्रपाताची भीती असलेल्या उतारावर दोर बांधून पुढे गेले ते सॉमरव्हेल. चारही जण जिवंत परतले. दोन वर्षांपूर्वीचे ऋण काही अंशी फेडल्याची भावना त्यांच्या मनात आली असल्यास नवल नाही.

४ जून रोजी नॉर्टन आणि सॉमरव्हेल शिखराकडे निघाले. कोरड्या, गोठवणाऱ्या हवेने सॉमरव्हेल यांचा घसा इतका सोलवटला होता की सुमारे ८,५०० मीटरच्या आसपास त्यांना थांबावे लागले. नॉर्टन एकटे ८,५७० मीटरपर्यंत गेले. उतरताना सॉमरव्हेल यांच्या घशातील अस्तराचा सुटलेला तुकडा श्वासनलिकेत अडकला आणि श्वास पूर्ण बंद झाला. सहकारी पुढे निघून गेला होता, हाक मारायला आवाज नव्हता. ते बर्फात बसले, मरण समोर दिसत असताना दोन्ही हातांनी छाती जोराने दाबली आणि तो तुकडा बाहेर पडला. त्यानंतर चारच दिवसांनी मॅलरी आणि अर्विन शिखराच्या वाटेवर दिसेनासे झाले. मॅलरी यांच्यापाशी सॉमरव्हेल यांनी दिलेला छोटा कॅमेरा होता. १९९९ साली मॅलरी यांचा देह सापडला, पण त्यापाशी कॅमेरा नव्हता.

मोहिमेनंतर सॉमरव्हेल नेय्यूरला परतले. १९२५ साली मार्गारेट होप सिम्पसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तीन मुलांचे हे कुटुंब नेय्यूरमध्येच वाढले. हिमालयाची जलरंगातील चित्रे ते काढत राहिले, तिबेटी सुरावटी त्यांनी उतरवून घेतल्या होत्या, त्यांतून एव्हरेस्टवरच्या चित्रपटासाठी संगीतही सिद्ध झाले. परंतु दिवसाचा मोठा भाग शस्त्रक्रियागृहात जात असे.

नेय्यूरच्या ओसरीवरचे दुखणे

नेय्यूरला येणाऱ्या रुग्णांमध्ये तंबाखू आणि विडा चघळल्याने झालेले तोंडाचे कर्करोग होते, मोतीबिंदू होते, कुष्ठरोगी होते. पण ज्या एका आजाराच्या संख्येने सॉमरव्हेल थक्क झाले तो म्हणजे ड्युओडेनमचा व्रण. इंग्लंडमध्ये हा आजार शहरी, धावपळीच्या, चिंतेने ग्रासलेल्या माणसाचा मानला जाई. येथे तो शेतमजुराला, कोळ्याला, पाथरवटाला होत होता.

बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढून येत. जखम भरताना व्रण पडत जातो, आकसतो आणि जठराचे खालचे तोंड अरुंद होत जाते. मग सकाळी खाल्लेले अन्न संध्याकाळी तसेच उलटून पडते. पोटावर जठराच्या लाटा बाहेरून दिसू लागतात. माणूस खातो, पण अन्न पुढे जात नाही, आणि हळूहळू हाडांचा सापळा होतो. घरातला कमावता पुरुष असा खंगला की सारे कुटुंब उपासमारीला लागे. त्या काळी पाश्चात्त्य देशांत या आजारावर दूध, साय, खार आणि महिनोन्महिने अंथरुणावर विश्रांती असा उपचार सांगितला जाई. ज्याला रोजची मजुरी केल्याशिवाय चूल पेटवता येत नाही, त्याला हा उपचार सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच होते.

सॉमरव्हेल यांनी अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग धरला. जठर आणि लहान आतड्याचा पुढचा भाग यांच्यामध्ये एक नवे तोंड तयार करायचे, म्हणजे अन्नाला अरुंद जागा टाळून पुढे जाता येते आणि ड्युओडेनमवरचा आम्लाचा मारा कमी होतो. गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी या नावाची ही शस्त्रक्रिया १८८० च्या दशकात युरोपात सुरू झाली होती. नेय्यूरमध्ये ती अगणित वेळा झाली. ज्याच्या पोटात पाणी ठरत नव्हते तो माणूस काही दिवसांत जेवू लागे आणि काही आठवड्यांत चालत घरी जाई. मग त्याच गावातले आणखी चार जण नेय्यूरची वाट धरीत.

येथवरची कथा कोणत्याही कुशल शल्यवैद्याची असू शकते. सॉमरव्हेल वेगळे ठरतात ते पुढच्या प्रश्नामुळे. शस्त्रक्रिया झालेले काही रुग्ण वर्षा-दोन वर्षांनी परत येत. जुना व्रण भरलेला असे, पण नव्या जोडावर, आम्लाची सवय नसलेल्या आतड्यात, नवा व्रण पडलेला असे. पाश्चात्त्य शल्यवैद्यांनी याच कारणासाठी ही शस्त्रक्रिया सोडून जठराचा मोठा भागच कापून काढण्याचा मार्ग धरला. त्याने पुनरावृत्ती कमी झाली, पण शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची होती. शिवाय जठर गमावलेल्या माणसाला थोडे थोडे, वारंवार आणि सकस खावे लागे. दिवसातून दोनदा टॅपिओका उकडून खाणाऱ्या मजुराला ते कोठून मिळणार? बरे करताना माणूस दुबळा होणार नाही आणि दुखणेही परत येणार नाही, अशी वाट सॉमरव्हेल शोधत राहिले.

१९३६ साली त्यांनी आपले सहकारी डॉ. ऑर यांच्यासमवेत नेय्यूरच्या अनुभवावर आधारलेला प्रबंध ब्रिटनच्या शल्यशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे जठर न कापता त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांपैकी बहुतेक बांधून टाकायच्या आणि आम्लाची निर्मिती कमी करायची, असा प्रयोगही त्यांनी केला आणि १९४५ साली तो मांडला. ही पद्धत सर्वत्र रूढ झाली नाही. पण जठर शाबूत ठेवून आम्ल आवरायचे, या विचाराची दिशा अचूक होती. तीस वर्षांनी औषधांनी तेच साधले.

ताटातला प्रश्न

इतका गरीब माणूस, इतक्या मोठ्या संख्येने, याच भागात का आजारी पडतो? हा प्रश्न सॉमरव्हेल यांना स्वस्थ बसू देत नव्हता. पंजाबात काम करणाऱ्या डॉक्टरांना हा आजार क्वचित दिसे. देश एक, पण व्रणाचा नकाशा सर्वत्र सारखा नव्हता. दक्षिण आणि पूर्वेकडे, भात खाणाऱ्या भागांत, तो दाट होता आणि वायव्येकडे, गहू खाणाऱ्या भागांत, विरळ.

निलगिरीतील कुन्नूर येथे त्याच सुमारास रॉबर्ट मॅककॅरिसन पोषणावर संशोधन करीत होते. त्यांनी उंदरांच्या निरनिराळ्या गटांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे जेवण दिले. टॅपिओका आणि भाताचे निकृष्ट त्रावणकोरी जेवण दिलेल्या गटात जठराचे व्रण आढळले. गव्हाची पोळी, दूध, डाळ आणि भाज्या असे शिखांच्या पद्धतीचे जेवण दिलेल्या उंदरांत ते आढळले नाहीत. नेय्यूरमध्ये सॉमरव्हेल आणि ऑर यांचाही रोख याच दिशेने होता. रोगाचे मूळ केवळ जठरात नसून ताटात आणि ताट रिकामे ठेवणाऱ्या दारिद्र्यात आहे, असे त्यांना वाटत होते.

या नकाशाकडे पाहिले की आपल्या मराठी मुलखाचे वेगळेपण लक्षात येते. कोकण आणि गोवा हे भाताच्या पट्ट्यात मोडतात. पांढुर्णा-सौसरचे पठार ज्वारी आणि गव्हाच्या सीमेवर येते आणि त्याच्याही पूर्वेला, बालाघाटकडे, पुन्हा भाताचा प्रदेश सुरू होतो. अन्नाचा आणि व्रणाचा संबंध तपासायचा, तर एकच भाषा बोलणारी पण निराळे जेवण जेवणारी अशी माणसे इथे सापडतात.

हा धागा सॉमरव्हेल यांच्यानंतर मुंबईत पुढे नेला गेला. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांतील व्रणाचे प्रमाण अभ्यासले. नोकरी तीच, पगार तोच, पण दक्षिणेकडचा कर्मचारी अधिक आजारी, हे त्यांना दिसले. व्रण भरलेल्या रुग्णांचे दोन लहान गट त्यांनी पाच वर्षे पाहिले आणि त्याचे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध केले. भात खाणाऱ्या गटात ८१ टक्के जणांचे दुखणे परत आले, तर कोंड्यासकट गव्हाची पोळी खाणाऱ्या गटात १४ टक्के जणांचे. अधिक चावावे लागल्याने अन्नात लाळ अधिक मिसळते, असा त्यांचा तर्क होता. म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात काम केलेले शल्यवैद्य फ्रँक टोवी यांनीही भारतातील व्रणाचा नकाशा दीर्घकाळ तपासला.

वेल्लोर, निवृत्ती आणि अखेर

१९४८ साली सॉमरव्हेल यांचा जठर आणि ड्युओडेनमच्या शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी आफ्टर एव्हरेस्ट आणि नाइफ अँड लाइफ इन इंडिया ही दोन पुस्तके त्यांनी लिहिली होती. १९४९ साली नेय्यूर सोडून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यशास्त्र शिकवू लागले. स्वतंत्र भारतातील तरुण डॉक्टरांच्या हाती आपला अनुभव सोपवण्याचे काम त्यांनी तेथे बारा वर्षे केले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. नेय्यूरसह कन्याकुमारीचा तमिळ भाषक प्रदेश मद्रास राज्यात गेला. त्याच वेळी विदर्भ मुंबई राज्यात आला, पण सौसर-पांढुर्ण्याचा मराठी भाग मध्य प्रदेशातच राहिला. सीमा बदलल्या, रुग्ण मात्र पूर्वीसारखेच सीमा न पाहता चांगल्या रुग्णालयाकडे जात राहिले.

१९६१ साली सॉमरव्हेल इंग्लंडला परतले आणि सरोवरांच्या प्रदेशातील अ‍ॅम्बलसाइड येथे स्थायिक झाले. १९६२ ते १९६५ या काळात ते अल्पाइन क्लबचे अध्यक्ष होते. २३ जानेवारी १९७५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कारकोणम येथील वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

जे त्यांना दिसले नाही

त्यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, सिमेटिडिन हे आम्लाची निर्मिती रोखणारे औषध ब्रिटनमध्ये बाजारात आले. शस्त्राविना व्रण भरू लागला. परंतु गोळी बंद केली की वर्षभरात बहुतेकांचे दुखणे परत येई. नेय्यूरला नव्या जोडावर जे दिसे तेच आता गोळ्यांच्या बाबतीत दिसू लागले.

उत्तर मिळाले ते ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठराच्या अस्तरात राहणारा एक पीळदार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. आम्लात जिवाणू जगू शकत नाहीत, ही समजूत इतकी पक्की होती की त्यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. १९८४ साली मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः प्यायला आणि त्यांच्या जठराला सूज आली. आज हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखला जाणारा हा जिवाणू बहुसंख्य व्रणांचे मूळ आहे. तो नष्ट केला तर व्रण परत येण्याचे प्रमाण अगदी थोडे उरते. या शोधासाठी दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग सॉमरव्हेल चुकले होते काय? मुख्य कारण त्यांच्या नजरेतून निसटले, हे खरेच. सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकणारा शत्रू त्यांनी आणि त्यांच्या पिढीने ओळखला नाही. परंतु त्यांचा प्रश्न निकालात निघालेला नाही. हा जिवाणू भारतात उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतो, व्रण मात्र सारख्या प्रमाणात आढळत नव्हते. ज्यांच्या पोटात तो आहे त्यांतील बहुतेकांना व्रण होतही नाही. म्हणजे जिवाणूखेरीज आणखी काही होते, आणि ताटाकडे बोट दाखवणारा नेय्यूरचा शल्यवैद्य अगदीच भलत्या दिशेला पाहत नव्हता.

आज दुखणे परत येते ते कशाने

सॉमरव्हेल यांच्या रुग्णाला जे उपलब्ध नव्हते ते आज पांढुर्ण्याच्या रुग्णाला नागपूरमध्ये आणि आपल्याकडच्या रुग्णाला बांबोळीला मिळू शकते. दुर्बिणीने जठर आतून पाहता येते, श्वासाच्या वा शौचाच्या तपासणीने जिवाणू आहे की नाही हे कळते. जिवाणू आढळल्यास आम्ल कमी करणारे औषध आणि दोन वा अधिक प्रतिजैविके, साधारणपणे चौदा दिवस, घ्यावी लागतात. व्रण परत येण्याचे सर्वांत साधे कारण येथेच आहे. तीन-चार दिवसांत आग थांबते आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहतात. जखम भरू लागलेली असते, जिवाणू मात्र जिवंत असतो आणि त्या औषधाला दाद न देण्याची शक्ती मिळवतो. भारतात अशी दाद न देणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर आढळत असल्यामुळे औषधांची निवड डॉक्टरांवरच सोपवावी. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जिवाणू खरोखर गेला याची खात्री करून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे.

दुसरे कारण वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. दिवसभर शेतात वाकून काम करणारा आणि रात्री अशी गोळी घेणारा माणूस पांढुर्ण्यातही आहे आणि सत्तरीतही. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन दिलेले असेल तर ते स्वतःहून थांबवू नये, पण आपल्याला पूर्वी व्रण झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. विडी-सिगारेट व्रण भरू देत नाही. तिखटाने व्रण होतो ही समजूत मात्र खरी नाही. ज्याला तिखटाने त्रास होतो त्याने ते टाळावे एवढेच.

काळी, डांबरासारखी शौचास होणे, उलटीत रक्त वा कॉफीच्या गाळासारखे काही पडणे, विनाकारण वजन घटणे, खाल्लेले तासन्‌तास पोटात राहून उलटणे, किंवा एकाएकी पोट लाकडासारखे ताठ होऊन असह्य कळ येणे, ही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. यांतील उलटीचे लक्षण घेऊनच नेय्यूरच्या ओसरीवर शेकडो माणसे येऊन बसत. त्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता.

एव्हरेस्टचे शिखर सॉमरव्हेल यांना गाठता आले नाही आणि व्रणाचे मूळही त्यांना सापडले नाही. दोन्हीकडे ते शेवटच्या टप्प्याआधी थांबले. परंतु बरा होऊन गेलेला रुग्ण पुन्हा दारात आला की त्याला दोष न देता आपल्या उपचारातच काय उणे राहिले, हे शोधत राहण्याची सवय त्यांनी कधी सोडली नाही. पोटाचे दुखणे परत आल्यावर औषधाच्या दुकानातून पुन्हा तीच पट्टी आणण्यापूर्वी हाच प्रश्न आपणही स्वतःला आणि आपल्या डॉक्टरांना विचारावा. ते का परत आले, याचे उत्तर आज मिळू शकते.